जुनं द्या, नवं घ्या

१२ मे २००९, मंगळवार. दुपारी गिरणी बंद केली आणि माळ्यावरची ट्रंक खाली उतरवली. धाकट्या भावाच्या बायकोचे भाद्रपदात दिवस भरतात. भाऊ चाकणला कंपनीत आहे. कंपनीने या वर्षी एक पाळी बंद केली, तेव्हापासून तो महिन्यातला निम्मा वेळ घरीच असतो. सकाळी भावजयीचा फोन आला होता. पुण्यातल्या एका दुकानात जाऊन आली म्हणे. गादी, मच्छरदाणी, दुपटी, टोपडी, सगळं एका पारदर्शक पिशवीत घालून ठेवलेलं. किंमत सांगताना तिचा आवाज बारीक झाला. मी म्हटलं, काही विकत घेऊ नकोस, जुनं कापड मी पाठवते.

सांगून मोकळी झाले, आणि ट्रंक उघडल्यावर कळलं की माझ्याकडे जुनं कापड नाहीच. जुन्या साड्या ढीगभर आहेत, पण सुती एक नाही. सगळ्या गुळगुळीत, सगळ्या चकचकीत. पंधरा वर्षांत एकीचाही जीव गेलेला नाही. माझी थोरली लेक वाकून बघत होती. तिला सोळावं चालू आहे, सगळं हसण्यासारखं वाटतं. म्हणाली, "आई, एवढ्या ढिगातून एक लंगोट निघत नाही?"

मी एका साडीचा पदर उचलला आणि वरच्या ओठावरून फिरवून पाहिला. ही सवय माझी नाही. ओतूरच्या भाभींची.

भाभी म्हणजे आमची तेव्हाची घरमालकीण. ओतूरच्या पेठेत त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि दुकानावर दोन खोल्या. त्यातली मागची आम्ही भाड्याने घेतली होती. घराणं मूळचं राजस्थानातलं, जैन. पण भाभींचा जन्म जुन्नरचा आणि भांडणही जुन्नरचंच. साठी उलटलेली, उंच, हाडाने रुंद बाई. सगळं गाव त्यांना भाभी म्हणायचं, त्यांच्याहून म्हातारी माणसंसुद्धा.

कापड त्या ओठाने पारखत. बोटांना घट्टे असतात, ओठाला नसतात, एवढंच त्याचं कारण सांगत. तागा आला की टोक धरून वरच्या ओठावरून फिरवायचं, मग आणणाऱ्याकडे बघायचं, आणि त्यावरून त्याने ओळखायचं की तागा राहिला की परत चालला. दुकानातल्या कापडापुरतं हे ठीक होतं. पण त्या समोरच्या बाईचा पदरही तसाच ओढून तोंडाला लावत. नवीन गिऱ्हाईक असलं तर दचकून दोन पावलं मागे जाई.

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, किंवा ठेवायची त्यांना गरज वाटत नसे. कापड लक्षात राही. डॉक्टर म्हणजे पॉपलीन. हायस्कूलचे हेडमास्तर म्हणजे खादी. स्वतःच्या दोन सुना म्हणजे मोठी शिफॉन आणि धाकटी शिफॉन. मी खोली बघायला गेले तेव्हा लग्नातली नायलॉनची साडी नेसले होते. ती साडी पुढे फाटली, पण मी त्या घरात शेवटपर्यंत नायलॉनच राहिले. नवरा टेरिकॉट.

आता एवढ्या जाणत्या बाईचं दुकान जोरात चालायला हवं होतं. चाललंही असतं, पण भाभींचा एक नियम होता. पोटुशी बाई बाळासाठी कापड घ्यायला आली की त्या मापाचा गज बाजूला ठेवत आणि म्हणत, "पोटातल्याचं कापड मी फाडत नसते." बारशापर्यंत मुलाच्या अंगाला नवा धागा लागता कामा नये. नव्या कापडाला खळ असते, खळीने अंगावर पुरळ उठतं, आणि मूल जन्मायच्या आधी त्याची खरेदी करणं हा आगाऊपणा आहे. यातली दोन कारणं मला पटायची. तिसऱ्याबद्दल त्या विचारूच देत नसत.

गल्ल्यावर बसणारा त्यांचा मुलगा कपाळाला हात लावायचा. "आई, हे दुकान आहे का देवस्थान?" भाभी म्हणत, "देवस्थान असतं तर तुला गल्ल्यावर बसवलं नसतं."

घरात पाणी गाळून प्यायचा त्यांचा धर्माचा रिवाज. त्यामुळे गळण्याचं कापड कसं हवं यावर त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. बाळुत्याचीही तीच परीक्षा. कापड चार पदरी करून वाटीवर धरायचं आणि वरून फुलपात्रातलं पाणी सोडायचं. नवं कापड पाणी अडवून धरतं, नायलॉन ते बाजूने घालवून देतं, आणि जुनी सुती लुगडी मुकाट्याने पितात. हा प्रयोग त्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, गादीवर करून दाखवत. गादी कायम ओलसर असायची.

नवं न विकणारी ही बाई जुनं मात्र गोळा करायची. बाजारच्या दिवशी भांड्यांच्या पाट्या घेऊन बोहारणी यायच्या. जुने कपडे घेऊन भांडी देणं हा त्यांचा धंदा. भाभी दुकानाच्या पायरीवर बसून त्यांची वाट अडवत, गाठोडी सोडायला लावत आणि त्यातली सुती लुगडी उपसून घेत. बदल्यात नवा खण. एकदा एक बोहारीण चिडून म्हणाली, "शेठाणी, तुमचा धंदा नव्याचा. आमच्या जुन्यात कशाला हात घालता?" भाभी तोवर पुढचं लुगडं ओठाला लावण्यात गुंतल्या होत्या. बोहारणीकडे नाही मिळालं तर त्या येणाऱ्या-जाणाऱ्या म्हाताऱ्यांना हाक मारत. "बाई, जुनं द्या, नवं घ्या." दुकानातलं कोरं लुगडं द्यायचं आणि विरलेलं घ्यायचं. मुलगा तेव्हा गल्ला बंद करून आत चहाला जात असे. जमवलेलं जुनेर गावात जिथे पाळणा हलणार असेल तिथे जाई. त्याचे त्या कधी काही घेत नसत.

माझे दिवस भरत आले तो १९९३चा पावसाळा. नवरा कांद्याच्या आडतीवर मापाडी होता आणि पावसाळ्यात ते काम निम्म्यावर येई. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, पण माझी आई आदल्याच वर्षी गेलेली. पिंपरी पेंढारला वडील आणि दहा वर्षांचा भाऊ, दोघं आपापलं पिठलं-भात करून खात होते. आईची लुगडी रिवाजाप्रमाणे वाटून टाकलेली. म्हणजे माहेर नाही आणि माहेरचं जुनेरही नाही.

सासर आंबेगावच्या पश्चिमेला, डोंगरात. भात आणि नाचणीचा मुलूख. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो. चैत्रात त्या खोली बघून गेल्या आणि जाताना नवऱ्याला म्हणाल्या, "बाज न्हाई, शेगडी न्हाई, धड जुनेर न्हाई. बाळंतीन काय फरशीवर निजवायची? वटपुनव झाल्यावर बाजारला येते. तवर समदं दिसलं तर बघू. न्हाई तर पोरीला संगं नेते."

वर जायला माझा ठाम नकार होता, आणि तो लाडाचा नव्हता. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की एसटी अलीकडच्या गावातच थांबते. पुढे चालत. आदल्या वर्षी त्यांच्या शेजारघरच्या बाईला घोंगडीच्या झोळीत घालून खाली आणली होती. ती वाचली, मूल नाही वाचलं. आणि दवाखान्यातल्या नर्सने मला पोट चाचपून स्पष्ट सांगितलं होतं, पहिलटकरीण आहेस, चण बारकी आहे, इथून लांब जाऊ नकोस. ओतूरला दवाखाना आमच्या खोलीपासून चालत जाण्याच्या अंतरावर होता. मला तिथेच बाळंत व्हायचं होतं.

म्हणून मी तयारीला लागले. आडतीच्या राखणदाराकडे बाजेचा नुसता सांगाडा पडून होता, तो मागून आणला. बारदानाच्या तोंडची सुतळी नवऱ्याने रोज संध्याकाळी वळून ती बाज विणली. तेलाचा डबा कापून आतून माती लिंपली, शेगडी झाली. पाळण्याचं ओझं मी घेतलंच नाही. छताला कडी होती, झोळी बांधता येत होती. डिंक महाग, मेथी स्वस्त, तेव्हा लाडू मेथीचे. बाळंतशेपा आणि ओवा पिंपरी पेंढारहून वडिलांनी पाठवला, आणि भावाने वाटेत पुडी फोडून थोडा खाल्ला. सगळं जमलं. राहिलं कापड.

खाली जाऊन मी भाभींकडे मलमल मागितली. त्यांनी गज बाजूला ठेवला. मी समोरच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "भाभींना विचारून या, वहिनी. मला पेठेत राहायचंय." मग मी परत येऊन त्यांना सरळ विचारलं, जुनं मिळत नाही, नवं तुम्ही देत नाही, मूल काय वर्तमानपत्रात गुंडाळू?

त्या वर्षी त्यांच्याकडचं जुनेर संपलेलं होतं आणि बोहारणींच्या गाठोड्यांतून नुसतं टेरिलीन निघत होतं. भाभी म्हणाल्या, "नायलॉन, बाजार अजून बंद नाही झाला." त्यानंतर प्रत्येक बाजाराला त्या सकाळपासून पायरीवर. जेवण दिवस मावळायच्या आत करायचं असायचं, तेही त्या पायरीवर मागवून घेत.

वटपौर्णिमेनंतरच्या बाजारी आत्याबाई आल्या. डोक्यावर नाचणीचं गाठोडं, ते त्यांनी दाणकन खाली टाकलं. पाणी प्यायल्या आणि बोलायला लागल्या.

"खाली पेठंत कोन येडी बसलीया गं? भर बाजारात माझा पदर धरला आन तोंडाला लावला. म्हनती जुनं द्या, नवं घ्या. आमी डोंगरातली मान्सं काय अंगावरचं सोडून इकाया येतो व्हय? लई ऐकवलं मी तिला. आन ती मेली ऐकतच न्हाई, नुसती लुगड्याकडं बघती."

नवरा भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागला. मी म्हटलं, आधी खोली बघा. त्यांनी बाज हलवून पाहिली, वर बसून पाहिली. शेगडीत हात घालून माती चाचपली. लाडू फोडून खाल्ला. खोट निघेना म्हणून त्या जरा नाराजच दिसल्या. मग विचारलं, "आन कापाड?"

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. भाभी धापा टाकत दारात आल्या, हातावर कोरं हिरवं लुगडं.

"नायलॉन, सापडलं. असलं कापड दहा वर्षांत नाही पाहिलं मी. एक डोंगरातली बाई आहे, बोलायला लई तिखट, गर्दीत कुठे गेली कळेना, पण तू काळजी–"

"हीच ती," आत्याबाई म्हणाल्या.

"हेच ते," भाभी म्हणाल्या. त्यांचं लक्ष अजूनही लुगड्याकडेच होतं.

मी दोघींची ओळख करून दिली. ह्या घरमालकीण, ह्या माझ्या सासूबाई. भाभींनी ओळख ऐकली की नाही ठाऊक नाही, त्या आत्याबाईंचा पदर हातात घेऊनच बाजेवर बसल्या होत्या. या खेपेला आत्याबाईंनी तो ओढून घेतला नाही. म्हणाल्या, "कळतंय वाटतं तुमास्नी कापडातलं."

"किती दिवस नेसताय?"

"पाडव्यापासनं दुसरं न्हाई नेसले. रानात ह्येच, चुलीफुडं ह्येच. नातरासाठी मऊ करतीया. आमच्यात आजीच्या अंगावरचंच लागतं."

म्हणजे ज्या बाळासाठी भाभी ते लुगडं मागत होत्या, त्याच बाळासाठी आत्याबाई ते अडीच महिने अंगावर झिजवत होत्या. मला वाटलं, सुटलं. पण आत्याबाईंनी पदर कमरेला खोचला.

"पन ह्ये वर फाडीन. इथं न्हाई. जिथं मी, तितं लुगडं."

मी म्हटलं, "आत्याबाई, मी वर येणार नाही. नर्सने सांगितलंय. तुम्ही इथे राहिलात तर तुमच्या हाताने होईल. नाही राहिलात तर एकटी करीन, पण इथेच."

त्यांना राग आला नाही. त्या थकल्यासारख्या दिसल्या. "आन आवनी कोन करील? तुझा सासरा गुडघं धरून बसलाय. आखाडात रोपं खाचरात न्हाई गेली तर खायाचं काय? मी हितं बसू का तितं वाकू?"

बाज आणि शेगडी हे नुसतं बोलायचं निमित्त होतं. भाताची लावणी आणि माझं बाळंतपण एकाच महिन्यात येत होतं आणि त्या एकट्या होत्या. मला वर नेलं की दोन्ही त्यांच्या हाताखाली राहणार होतं. हे त्यांनी चैत्रातच सांगितलं असतं तर आमची सुतळी वाचली असती.

भाभी इतका वेळ दोघींचं ऐकून घेत होत्या. ही गोष्ट दुर्मीळ. त्यांनी कॅलेंडरपाशी उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याकडे मान वळवली.

"टेरिकॉट, पावसाळ्यात तू काय करतोस?"

"मापाडी आहे ना मी, भाभी."

"ते उन्हाळ्यात. पावसाळ्यात?"

तो पुन्हा कॅलेंडरकडे वळला. भाभींनी हातावरचं कोरं लुगडं आत्याबाईंच्या मांडीवर ठेवलं आणि बोट त्याच्याकडे केलं.

"बाई, माझा धंदा एकच. जुनं द्या, नवं घ्या. याला आवणीला वर पाठवा. तुम्ही इथे राहा."

"मला कुणी विचारलं का?" नवरा म्हणाला.

"कापडाला विचारून कापड विकत नाहीत," भाभी म्हणाल्या.

आत्याबाईंनी लेकाला खालपासून वरपर्यंत पाहिलं, बैल बाजारात पाहावा तसं. पायाच्या पोटऱ्यांशी नजर जरा थांबली. मग त्यांनी कनवटीची मिश्रीची डबी काढली, दाताला लावली, आणि म्हणाल्या, "ह्याला नवं इरलं लागल. माझं पुरायचं न्हाई."

त्यावर मी चहा टाकला. भाभींनी आमच्याकडचा चहा कधी घेतला नव्हता, कारण आमच्या भांड्यांना कांदा लागलेला. त्या दिवशीही घेतला नाही, पण चहा होईपर्यंत बसल्या. आत्याबाईंनी नवं लुगडं फुकट घ्यायला नकार दिला आणि नाचणीचं गाठोडं भाभींच्या पायाशी सारलं. मुलाने संध्याकाळी विचारलं की हिरवं लुगडं कितीला गेलं, तेव्हा भाभींनी त्याला नाचणीची भाकरी वाढली म्हणतात.

लुगडं भाभींनीच फाडलं. कात्री लावायची नाही. काठ दाताने जरा तोडायचा आणि दोन्ही हातांनी एका दमात सरळ फाडत न्यायचं. जुनं लुगडं फाटताना आवाज होत नाही. काठांचे बंद, मधल्या भागाची बाळुती, पदराचं दुपटं. आत्याबाई शेजारी उभ्या राहून चुका शोधत होत्या. वाटी आणि फुलपात्र आणून पाण्याची परीक्षाही झाली. बघून त्या एवढंच म्हणाल्या, "पितंय ब्येस."

आषाढात आत्याबाई खाली आणि नवरा वर, अशी अदलाबदल झाली. पुढचा दीड महिना दोघी म्हाताऱ्यांचं लसणावरून वाजत राहिलं. बाळंतिणीला लसूण हवाच, आणि भाभींच्या जिन्यात लसणाचा वास यायला नको. शेवटी ठरलं की लसूण भाजायचा तो भाभी देरासरात, म्हणजे त्यांच्या मंदिरात, गेल्या असताना. त्या रोज त्याच वेळी जात आणि येताना जिन्याखाली मुद्दाम खोकत. मी अडले होते. दवाखाना जवळ होता आणि डॉक्टर हजर होते, म्हणून निभावलं. मुलगी झाली. भाभींनी तिच्या अंगावरच्या दुपट्याला ओठ लावून बघितला, मग तिच्या कपाळाला, आणि मान हलवली. तागा ठेवून घेतला.

नवरा आवणी आटोपून उतरला तेव्हा त्याची बोटं चिखलाने कुजलेली होती. आडतीवर हमाल त्याला विचारायचे, "काय राव, बायकू इथं आन बाळंतपन तुमचं व्हतं व्हय?" तो सांगायचा की त्याचं खाचर पहिलं पोसवलं. ते खरं होतं.

आम्ही पुढे अवसरी बुद्रुकला गिरणी टाकली आणि ओतूर सुटलं. २००३ साली एकदा गेले होते. दुकानाला काच लागलेली, आत तयार कपडे टांगलेले, गादी गेलेली. भाभी दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीत होत्या. माझं नाव त्यांना कधीच ठाऊक नव्हतं, त्यामुळे विसरण्याचा प्रश्न नव्हता. त्यांनी माझा पदर ओढून ओठाला लावला आणि म्हणाल्या, "अजून खळ आहे." पुढच्या वर्षी त्या गेल्याचं कळलं.

हे सगळं ट्रंकेसमोर बसून लेकीला सांगितलं. तिने विचारलं, "मग आता मामीला काय पाठवणार?" ट्रंकेच्या तळाशी एक सुती साडी होती, बचतगटाच्या प्रदर्शनातून घेतलेली, घडी न मोडलेली. कडक म्हणून मी नेसलेच नव्हते. भाद्रपदाला अजून अवकाश होता. साडी रात्रभर पाण्यात घातली.

सकाळी खळीचं पांढरं पाणी ओतून दिलं, साडी पिळून अंगणात टाकली, आणि मे महिन्याच्या उन्हात ती वाळेपर्यंत भाकऱ्या उरकल्या. मग तीच नेसून गिरणी उघडली. पहिलं गिऱ्हाईक बाजरी घेऊन आलं होतं. म्हणालं, "ताई, नवी साडी पिठात कशाला घालता?"

मी म्हटलं, "जुनी करायचीय," आणि पट्टा चढवला.